मिसेस टीसडेलची मुलगी

आमच्या गावात, म्हणजे तिकीट काढून बघायच्या जुन्या काळच्या गावात, सन १९०८ कधी संपत नाही. सकाळी दहाला फाटक उघडलं की ते सुरू होतं आणि संध्याकाळी पाचला शेवटची ट्राम पाहुण्यांना घेऊन गेली की थांबतं. मधले सात तास मी ग्लेंडा नसते. मी मिसेस टीसडेल असते, खाणकामगाराची बायको, विटांच्या घरांच्या ओळीत तिसऱ्या घरात राहणारी. कोणी मोबाइल दाखवला तर मी विचारते, हा आरसा एवढा काळा कशाने पडला. कोणी संडास कुठे म्हणून विचारलं तर परसातली राखेची खोली दाखवते. आत डोकावून त्यांचं तोंड वाकडं झालं की मगच सांगते, की बड्या लोकांसाठी बँडच्या चौथऱ्यामागे वेगळी सोय आहे.

नायजेल हा आमचा साहेब. नव्या मुली कामाला लागल्या की तो त्यांना माझ्या घरात आणून एका कोपऱ्यात उभं करतो आणि सांगतो, हिच्याकडे बघा, अकरा वर्षांत हिने एकदाही सोंग सोडलेलं नाही. आग, आजारी माणूस आणि हरवलेलं मूल, एवढ्या तीन गोष्टींसाठी आम्हाला सोंग सोडायची मुभा आहे. मी तेव्हाही सोडत नाही. एकदा एका बाईला घेरी आली तर मी तिला एप्रनने वारा घातला, मिसेस टीसडेलच्याच आवाजात शेजारणीला हाका मारल्या आणि नाकाशी कांदा धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई शुद्धीवर यायला जरा वेळ लागला, पण ते असो.

मिसेस टीसडेलची सगळी माहिती ऑफिसने मला लिहून दिली होती. नवरा टॉम, खाणीत. दोन मुलगे, तेही खाणीत. मुलगी मात्र मी माझ्या पदरची घातली. एल्सी, चार वर्षांची, घटसर्पाने गेलेली. पाहुणे मुलाबाळांची चौकशी करतातच. मी चुलीकडे तोंड फिरवून म्हणायचे, होती एक मुलगी, गेली. खोली गप्प व्हायची. दंगा करणारी पोरंसुद्धा आईचा हात धरायची. मला ते फार आवडायचं. ही मुलगी मी दोन वर्षांपूर्वी घातली, माझ्या नवऱ्याला, रॉनला, पुरलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात.

माझी खरी मुलगी जिवंत आहे. तिचं नाव बेथनी. रॉनची फुप्फुसं गेली तेव्हा ती लीड्सला होती आणि तिचं बाळ पाच महिन्यांचं होतं. शनिवारी येते म्हणाली. रॉन गुरुवारी गेला. दफनानंतर क्लबच्या हॉलमध्ये सगळे चहा आणि हॅमचे सँडविच खात बसले होते, तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "शनिवारी यायची होतीस ना, मग आज कशाला तसदी घेतलीस?" तिने कप खाली ठेवला, कोणाच्या तरी मांडीवरचं आपलं बाळ उचललं आणि गेली. नाताळात तिचं पाकीट आलं. आत फोटो आहे हे हाताला कळत होतं. मी न फोडता त्यावर 'परत पाठवा' लिहिलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं. फोनवर तिचा नंबर बंद करून घेतला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशी मी. चूक कोणाची हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तर राग जास्त होता.

डोरीन मला एकदा म्हणाली होती की जिवंत पोरीला असं रोज मारणं बरं नव्हे. डोरीन चौकातलं गोड गोळ्यांचं दुकान सांभाळते. तिला सात नातवंडं आहेत आणि तिने आजवर कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मी तिला म्हणाले की तू आपल्या गोळ्या वीक.

तो ऑगस्टमधला मंगळवार होता. शाळांना सुट्टी आणि बाहेर भुरभुर पाऊस, म्हणजे माणसं चुलीच्या आशेने घराघरांत घुसलेली. मी सकाळी पांढऱ्या दगडाने उंबऱ्याची कड घासून लख्ख केली होती, ती दहा मिनिटांत चिखलाच्या बुटांखाली गेली. अकराच्या सुमाराला डोरीन चहाच्या सुट्टीत माझ्या दारात आली. घरात पाहुणे होते, म्हणून ती सोंगातच बोलली.

"मिसेस टीसडेल, ऐकलंत का? गावात एक पोर फिरतंय. एवढंसं, पिवळ्या बुटांचं. एप्रनवाली बाई दिसली की जातं आणि विचारतं, तू माझी आजी का."

मग कोणी हो म्हणालं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कुठलं. पोस्टातली म्हणाली की माझं तर लग्नच व्हायचंय. औषधवाल्याच्या बायकोने त्याला एरंडेलाची बाटली दाखवली. शाळेच्या बाईंनी त्याची नखं तपासली. मी हसले आणि म्हणाले, हल्लीचे आईबाप छत्र्या हरवतात तशा आज्यासुद्धा हरवतात. पाहुणेही हसले. डोरीन तिच्या दुकानाकडे गेली आणि मी पावाचं पीठ मळायला घेतलं.

अर्ध्या तासाने ते पिवळे बूट माझ्या उंबऱ्यावर आले. घरात तेव्हा आठ-नऊ माणसं होती. लेस्टरहून आलेला एक जाडा माणूस बायकोला आणि दोन मुलींना घेऊन बाकावर बसला होता. दोन म्हाताऱ्या बहिणी गोणपाटात चिंध्या खोचत होत्या, कारण आमच्याकडे पायपुसणी अशीच करतात आणि पाहुण्यांनाही खोचू देतात. मी मान वर केली आणि मला आधी कान दिसले. बाहेर वळलेले, वरच्या टोकाला दुमडलेले. ते रॉनचे कान होते. तसे कान मी दुसऱ्या कोणाचे पाहिलेले नाहीत. मग त्याच्या खांद्यावरचा हात दिसला आणि मग बेथनी. ती वाळली होती, केस कापले होते.

पोरगं सरळ माझ्यापाशी आलं, माझ्या एप्रनला हात लावला आणि विचारलं, "तू आजी?"

खरं सांगते, वाटलं, खाली बसावं आणि ते कान धरून त्या तोंडाचा मुका घ्यावा. आणि त्याच क्षणाला दुसरंही वाटलं. इतक्या लोकांत, माझ्या कामाच्या जागी, पोराला पुढे करून आली. घरी आली असती तर मी तोंडावर दार आपटलं असतं, आणि इथे मला तसं करता येणार नाही, हे तिने बरोबर हेरलं होतं. हुशार माझी मुलगी. पण दार माझ्याकडे इथेही होतं.

"मी मिसेस टीसडेल," मी म्हणाले. "तू कोणाचा रे?"

त्याने जरा विचार केला. "मम्मीचा."

लोक हसले. मी त्याला पावाचा तुकडा मोडून दिला. तो तिथेच उभा राहून खायला लागला, माझ्या तोंडाकडे बघत, जणू मी अजून काही बोलणार आहे. बेथनी जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, दोन मिनिटं बाहेर येशील? प्लीज."

"कोणाची आई, बाई?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुम्ही न्यूकॅसलच्या वाटतं. तिथल्या बायका वाटेल तिला आई म्हणतात म्हणे."

पुन्हा हशा झाला. लेस्टरवाल्याने खिशातून फोन काढला आणि आमच्याकडे धरला. बेथनीची मान लाल झाली. लहानपणीही तिची आधी मान लाल व्हायची, मग गाल.

"आम्ही शुक्रवारी जातोय, आई. ऑस्ट्रेलियाला. कायमचे. कॅलमला तिकडे काम मिळालंय. तुझा फोन लागत नाही, पत्रं परत येतात. तुला सांगितल्याशिवाय मला जायचं नव्हतं."

मी शब्द न् शब्द ऐकला. मंगळवार ते शुक्रवार म्हणजे तीन दिवस. आणि माझ्या हातांनी पीठ मळणं थांबवलं नाही.

"ऑस्ट्रेलिया," मी पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "आमच्या ओळीतले पण दोघे गेले गेल्या साली. बोटीला सहा आठवडे लागतात. तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही, आईबाप मेले तरी येत नाही. आता काही लोकांना त्यासाठी एवढं लांब जावं लागत नाही म्हणा. लीड्समधूनसुद्धा त्यांना वेळेवर येणं जमत नाही."

लेस्टरवाल्याला हे खूप आवडलं. त्याच्या बायकोने मान डोलावली. म्हाताऱ्या बहिणींपैकी धाकटीने मात्र चिंधी खोचता खोचता हात थांबवला, बेथनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

मला वाटलं आता ही रडेल किंवा निघून जाईल. पण ती माझीच मुलगी. ती तिथेच उभी राहिली, श्वास घेतला आणि बाकीचे पाहुणे विचारतात तशा सुरात मोठ्याने म्हणाली, "मिसेस टीसडेल, तुम्हाला मुलं किती?"

आता कळतं, ती मला वाट करून देत होती. माझं सोंग तसंच ठेवून. एक मुलगी आहे, लांब असते, आठवण येते, एवढं जरी मी चुलीकडे बघून म्हणाले असते तरी तिला पुरलं असतं. लोकांना काही कळलं नसतं आणि माझं नाकही वर राहिलं असतं.

"दोन मुलगे आहेत, खाणीत," मी म्हणाले. "आणि एक मुलगी होती. गेली."

"काय नाव होतं तिचं?"

एल्सी हे नाव दोन वर्षं रोज घेऊन जिभेला पाठ झालं होतं. नंतर मी डोरीनला सांगितलं की जीभ घसरली. घसरली नव्हती.

"बेथनी," मी म्हणाले.

थोरली म्हातारी अरेरे म्हणाली. लेस्टरवाल्याने आदराने फोन खाली केला. आणि तोंडात पाव भरलेल्या विल्फने, हो, पोराचं नाव विल्फ, आईच्या मांडीवर थाप मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "बेथनी मम्मी आहे. ही बघ मम्मी."

घर हसण्याने भरून गेलं. लेस्टरवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मीही हसले. मिसेस टीसडेल तिथे हसली असती की नाही कोण जाणे, पण मी हसले.

बेथनी रडली नाही. म्हणाली, "थँक्यू, मिसेस टीसडेल. फार छान सांगता तुम्ही." तिने विल्फचा हात धरला. तो दारातून मागे वळून बघत होता.

"आजी नाही?" त्याने विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "ही नाही."

पहिली दहा मिनिटं मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. लेस्टरवाला जाताना म्हणाला की आख्ख्या गावात हाच प्रसंग सगळ्यात जिवंत वाटला, आणि ती मुलगीही इथेच कामाला आहे का. मी म्हणाले, अधूनमधून येते. मग तो गेला, दुसरे आले, ते गेले, तिसरे आले. प्रत्येक वेळी उंबऱ्यावर बूट वाजले की माझी मान वर जायची. मला खात्री होती की ती परत येणार. ती लहान असताना भांडण झालं की जिन्याखाली जाऊन बसायची आणि अर्ध्या तासाने आपणहून बाहेर यायची. मी कधी बोलवायला गेले नाही, रॉन जायचा. एक वाजता मी पाव काढले तर सगळे तळाशी कोळसा. माझ्या हातून पाव कधी जळत नाही. मी ते टेबलावर ठेवून बघत राहिले आणि मला एकदम कळलं की आज ती येणार नाही, शुक्रवारी ती जाणार, आणि जिन्याखालून बोलवायला आता रॉन नाही.

दीडला माझी सुट्टी झाली. मी शालही न घेता निघाले. त्या कपड्यांत रस्त्यावर पळायला आम्हाला मनाई आहे, म्हणून घागरा उचलून भरभर चालत गेले. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. नुसतं पोरापुढे बसायचं आणि सांगायचं की मीच ती. शाळेत पाहिलं, बँडपाशी पाहिलं, ट्रामच्या थांब्यावर पाहिलं. मग गोळ्यांच्या दुकानाबाहेरच्या रांगेत लोक मान वाकडी करून आत काहीतरी कौतुकाने बघताना दिसले.

आत डोरीन गल्ल्यामागून बाहेर येऊन पिंपावर बसली होती. विल्फ तिच्या मांडीवर होता. त्याच्या एका गालात गोळी होती आणि हात तिच्या गळ्यात. कॅलम, माझा जावई, समोर वाकून फोटो काढत होता. बेथनी बाजूला हाताची घडी घालून उभी होती.

काय झालं ते डोरीनने मला नंतर सांगितलं. पोरगं दमलं होतं, पेंगुळलं होतं. विचारून विचारून त्याचा आवाज बारीक झाला होता. दुकानात आलं आणि काचेच्या बरण्यांकडे न बघता तिला म्हणालं, तू आजी? तिला नाही म्हणवेना. ती म्हणाली, "हो रे राजा, मीच तुझी आजी. इतका वेळ कुठे होतास?" तिला वाटलं, आईबाप हसतील आणि खरं काय ते सांगतील. कॅलमने तोंड उघडलंही होतं. बेथनीने त्याच्या दंडावर हात ठेवला.

विल्फने मला दारात पाहिलं. ओळखलं, कारण मी पाव दिला होता. मोठ्या अभिमानाने, अख्ख्या रांगेला सांगावं तसं, तो मला म्हणाला, "आजी सापडली."

मी सोंग सोडलं. सगळ्यांच्या देखत, भर दुपारी. "विल्फ, मी तुझी आजी आहे," मी म्हणाले. "ती डोरीन. मी तुझ्या मम्मीची आई. खरी आजी मी." माझा स्वतःचा आवाज त्या चौकात कोणी कधी ऐकला नव्हता. दुकानातली पोरगी तराजू हातात घेऊन तशीच थांबली.

विल्फने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू नाही," तो म्हणाला. "तू मिसेस टीसले. तू म्हणालीस." आणि त्याने डोरीनच्या मानेत तोंड खुपसलं.

डोरीनचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई, ग्लेंडा, हा तुझा?" असं म्हणत ती त्याला खाली ठेवायला लागली, तर त्याने अशी किंकाळी फोडली की रांगेतली पोरं मागे सरकली.

"राहू द्या त्याला," बेथनी डोरीनला म्हणाली. "त्याला सापडलीय."

"बेथनी, माझं चुकलं," मी म्हणाले.

हे दोन शब्द बोलायला मला दोन वर्षं आणि वर दोन तास लागले होते. मला वाटत होतं, हे शब्द बोलले की काहीतरी होईल. बेथनी माझ्याकडे बघत होती. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला कळलं असतं काय करायचं.

"तुमची बेथनी गेली ना, मिसेस टीसडेल," ती म्हणाली. "मग माफी कोणाची मागताय?"

कॅलम हळूच म्हणाला, बेथ, बास. पण ती थांबली नाही. आवाज न चढवता बोलत राहिली. "गाडीत दोन तास त्याने दुसरा विषय काढला नाही. आजी जुने कपडे घालते, आजी तुला बघून खूष होईल, हे मी त्याला शिकवलं. मला काहीही बोलली असतीस तरी चाललं असतं, मला सवय आहे. तू त्याच्या तोंडावर नाही म्हणालीस."

रांगेतल्या एका बाईने आपल्या नवऱ्याला कुजबुजत विचारलेलं मी ऐकलं, की हेही नाटकातलंच आहे का.

बेथनीने डोरीनकडून तिचा नंबर आणि पत्ता घेतला, कारण विल्फला आजीला चित्रं पाठवायची होती. डोरीनने माझ्याकडे बघत बघत लिहून दिला. ते सव्वादोनच्या ट्रामने गेले. विल्फ खिडकीतून डोरीनला हात हलवत होता. तिने त्याला खुणावलं, त्या बाईंना पण कर. तो शहाणा मुलगा आहे. त्याने मलाही केला.

संध्याकाळी नायजेलने मला बोलावून घेतलं. सोंग सोडल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने वही उघडून विचारलं की कारण काय, आग, आजारी माणूस की हरवलेलं मूल. मी म्हणाले, हरवलेलं मूल. त्याने तसं लिहून घेतलं आणि विचारलं, मग सापडलं ना? मी हो म्हणाले.

चित्रं खरंच आली. महिन्याला एक, डोरीनच्या पत्त्यावर. त्यात बरण्या असायच्या, पांढऱ्या टोपीची गोल बाई असायची आणि खाली बेथनीच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, आजीला. डोरीन ती माझ्या हातात देऊन टाकायची आणि तिकडे बघायचीही नाही. मी ती घरी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवली आहेत. कधी कधी बेथनी डोरीनला फोन करायची तेव्हा मी बाहेर जायचे. मग डिसेंबरात एका सकाळी, फाटक उघडायच्या आधी, आम्ही कपडे बदलायच्या खोलीत होतो आणि डोरीनचा फोन वाजला. इथे सकाळ म्हणजे तिकडे संध्याकाळ.

"मी आज त्याला सांगून टाकणार," डोरीन म्हणाली. "मला झोप लागत नाही गं. चोरलेल्या पोराशी बोलल्यासारखं वाटतं. तू इथे माझ्या मागे उभी राहा."

मी उभी राहिले. टोपी घातलेली होती, एप्रनही. नाही म्हणायला हवं होतं हे मला आता कळतं. फोनच्या पडद्यावर विल्फ आला. उघडा, उन्हाने रापलेला, बोटभर उंच झालेला. केस कापल्यामुळे कान आणखी दिसत होते. तो आजी म्हणाला आणि पडद्याला नाक लावलं.

डोरीनने फार नीट सांगितलं, तिच्या जागी मीही याहून बरं सांगू शकले नसते. म्हणाली, बाळा, मी तुझी मैत्रीण आहे, पण मी तुझी आजी नाही. ही ग्लेंडा, तुझी खरी आजी ही. आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

"विल्फ," मी म्हणाले. पुढचं जे काही पाठ केलं होतं ते आलंच नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हनुवटी थरथरली. तो मोठ्याने रडला असता तर बरं झालं असतं. पण श्वास अडकून मुलं निळी होतात ना, तसा तो झाला, आणि मग कसाबसा म्हणाला, "मला आजी पाहिजे. माझी आजी पाहिजे." मागून कोणीतरी धावत आल्याचा आवाज आला आणि बेथनीचा हात पडद्यात दिसला.

"कोणी सांगितलं त्याला हे?" ती म्हणाली. "आई, तूच ना? अजून तुझं समाधान झालं नाही?"

त्या दुपारनंतर ती मला पहिल्यांदा आई म्हणाली. मी सांगू शकले असते की मी नाही, डोरीन बोलली. पण पोरगं अजून श्वास घेत नव्हतं.

मी टोपी सरळ केली. "अरे वेड्या," मी मिसेस टीसडेलच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आजीने गंमत केली. मी तिसऱ्या घरातली मिसेस टीसडेल. तुला पाव नव्हता का दिला? मी कशी तुझी आजी होईन? मला तर कोणीच नाही. तुझी आजी ही बघ, इथेच आहे." आणि फोन डोरीनकडे फिरवला.

त्याने हुंदका गिळला. "आजी?"

डोरीन माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली.

"हो रे राजा," ती म्हणाली. "मीच."

त्याचा श्वास हळूहळू सुटा झाला. बेथनीचा हात त्याच्या पाठीवरून फिरताना दिसत होता. विल्फने मनगटाने नाक पुसलं आणि डोरीनच्या खांद्यावरून मागे पाहिलं, मी होते तिथे.

"आजी, ती बाई रडते," तो म्हणाला. "तिला एक गोळी दे."

डोरीनने एप्रनच्या खिशातून एक गोळी काढून माझ्यापुढे धरली. तो बघत होता, म्हणून मी ती तोंडात टाकली.